तेरा फ्रॉकांचं स्वागत

सोमवारी सकाळी एच आली नाही.

शिवणाच्या बाईंनी वर्गाच्या दारात उभं राहून मुली मोजल्या. बारा भरल्या. बोट लावून पुन्हा मोजल्या, तरी बाराच. ई होती, ए होती, आर, टी आणि वाय होत्या, वेलकमच्या सातही जणी वेण्या घट्ट बांधून हजर होत्या. पण जिच्यापासून रांग सुरू व्हायची ती एचच नव्हती. प्रार्थना संपता संपता एचची आई फाटकाशी आली आणि आत न येता सांगून गेली, की पोरीचा गाल रात्रीत फुगून टम्म झालाय, डॉक्टर गालगुंड म्हणतात, दोन आठवडे घरातून हलायचं नाही. जाता जाता ती एवढंच म्हणाली, "फ्रॉकची इस्त्रीसुद्धा झाली होती हो बाई."

शुक्रवार चार दिवसांवर होता, आणि शुक्रवारी साहेब यायचे होते.

साहेबांचं येणं साधं नव्हतं. महिन्यापूर्वी वरच्या कचेरीतून एक कागद आला होता. शाळेत शिवणवर्गाची आवश्यकता दिसून येत नाही, तरी साहेब शुक्रवारी दहा वाजता भेट देऊन वर्गाची उपयुक्तता प्रत्यक्ष पाहतील आणि निर्णय कळवतील, असा त्याचा मजकूर. निर्णय उलटा लागला तर मशिनं कोठीत जाणार होती आणि शिवणाच्या बाई आवक-जावकच्या टेबलावर. एकोणीस वर्षं त्यांनी त्या खोलीत मुलींना काजं करायला शिकवली होती. आसपासच्या निम्म्या घरांतल्या बायका टाका घालताना अजून त्यांच्या धाकाने ओळ सरळ ठेवत. आता उरलेला जन्म पाकिटांवर शिक्के मारत काढायचा, या विचाराने त्या रात्र रात्र जाग्या राहत.

मग त्यांनाच युक्ती सुचली. साहेबांना खोलीत नेऊन रुमाल दाखवायचे, त्यापेक्षा भरतकामच फाटकासमोर नेऊन उभं करावं. तेरा लहान मुली, तेरा पांढरे फ्रॉक, आणि प्रत्येकीच्या पुढच्या बाजूला गळ्यापासून घेरापर्यंत भरलेलं एकेक इंग्रजी अक्षर. ओळीने उभ्या राहिल्या की स्वागत तयार. शब्द इंग्रजीच्या सरांनी दिले: हार्टी वेलकम. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी अक्षरं नक्षी म्हणून ओळखली. एम म्हणजे दोन सुळके, ई म्हणजे दाते पडलेली फणी, डब्ल्यू म्हणजे उलटे सुळके. फ्रॉक वर्गात बेतले, वर्गात शिवले, आणि भरायला मात्र घरोघर आयांकडे दिले.

तिथेच पुढची गाठ बसली. आयांनी ती अक्षरं नुसती भरली नाहीत, तर एकमेकींवर मात करत भरली. एलच्या आईने साखळी टाका घातला म्हणून सीच्या आईने भरीव टाका घातला, आणि ते पाहून ओच्या आईने आपला ओ उसवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. भाजी घेताना भेटल्या तरी त्या एकमेकींना 'वायची आई', 'एमची आई' अशाच हाका मारू लागल्या.

तेव्हा एच पडली म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात आला तो उपाय सोपा होता. फ्रॉक मागवायचा आणि दुसऱ्या मुलीला घालायचा. पण मुख्याध्यापिकांनी, म्हणजे सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्यांनी, तो एका वाक्यात निकालात काढला. आजाऱ्याच्या घरचा कपडा दुसरीच्या अंगाला लागला तर शुक्रवारी साहेबांसमोर अख्खी शाळा गाल धरून उभी राहील, असं त्यांचं म्हणणं. नवा एच भरायचा तर आठ दिवस हवेत. पुठ्ठ्यावर लिहून धरायचा तर मग त्यात शिवण ते काय राहिलं?

इंग्रजीच्या सरांना बोलावलं. सर सडपातळ, सदा खडूने माखलेले, आणि शब्दकोड्यांचे वेडे. मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडत तेव्हा हे वर्तमानपत्रातली विस्कटलेली अक्षरं जुळवत बसत, आणि डबा कित्येकदा तसाच घरी नेत. त्यांनी बारा मुलींकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"पुढच्या पाच जणींना आता अर्थ राहिला नाही," ते म्हणाले. "त्यांना बसवा. वेलकमच्या सात उभ्या करा. पुष्कळ झालं."

हे वाक्य मुलींच्या कानांवर पडलं आणि मधल्या सुट्टीत घरी पोचलं. दुपारी दोनला पाच आया फाटकात हजर. त्यांत एची आई पुढे. ती शांतपणे म्हणाली, "सर, माझ्या एला अर्थ नाही असं तुम्ही म्हणालात म्हणे."

"तसं नाही, एकटीला नाही. सगळ्या मिळून—"

"अठरा रात्री भरत होते मी. चष्म्याचा नंबर वाढला माझा. आता अर्थ तुम्ही आणा."

मोठ्या बाईंनी त्या पाच जणींना कसंबसं परत पाठवलं आणि त्याच दमात नियम करून टाकला: जी मुलगी शाळेत आली ती रांगेत उभी राहणार. एकही अक्षर उरता कामा नये. शब्द कुठला करायचा ते सरांनी पाहावं.

सरांचे डोळे लकाकले. असं कोडं त्यांना वर्तमानपत्रात कधी मिळालं नव्हतं. त्यांनी टीला हाताला धरून ईच्या पुढे आणून उभं केलं आणि मागे सरून पाहिलं. "टिअरी वेलकम. बाराच्या बारा बसल्या."

"अर्थ?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"रडत रडत केलेलं स्वागत."

"रडायचं ते शुक्रवारनंतर बघू, सर. आधीच जाहीर नको."

पण मंगळवारी वायचाही गाल सुजला आणि रडं आपोआप मिटलं. उरल्या अकरा. सरांनी पहिल्या चौघींची अदलाबदल करून 'रेट वेलकम' केलं. स्वागताला गुण द्या, असा त्याचा साधारण अर्थ. मोठ्या बाई म्हणाल्या, गुण द्यायलाच येतोय तो, आपण सांगितल्याने काही बिघडत नाही. दिवसभर अकरा जणींची तालीम झाली. बाईंना त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

बुधवारी डब्ल्यू आणि शेवटची ई एकदमच गेल्या. त्या चुलत बहिणी, राहायला एका घरात, एकीच्या ताटातलं दुसरी खाणार. त्या बुधवारपर्यंत टिकल्या, हेच आश्चर्य. त्यातच मोठ्या बाईंना हजेरीपटांचे गठ्ठे घेऊन दोन दिवसांसाठी वरच्या कचेरीत जावं लागलं. जाताना त्यांनी सरांना बजावलं, की शब्द काय वाटेल तो करा, पण एकही मुलगी उरू देऊ नका, माझ्यात आता त्या आयांना तोंड द्यायची ताकद नाही.

सर आणि शिवणाच्या बाई शिवणवर्गातल्या कापायच्या टेबलापाशी बसले. बाईंनी डब्यातून नऊ मोठी काळी बटणं काढून दिली. सरांनी त्यांवर खडूने अक्षरं लिहिली: ई, ए, आर, टी, ई, एल, सी, ओ, एम. आणि ती टेबलावर सरकवायला लागले. एखादा शब्द व्हायचा, पण दोन बटणं उरायची. दुसरा व्हायचा, तर एकच उरायचं आणि तेही टी. बाई समोर बसून पाहत होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण सर काय करताहेत ते नेमकं कळत होतं. हातभर कापड आहे, त्यात झबलं बसवायचं आहे, बाही काढली तर पाठ पुरत नाही आणि पाठ काढली तर बाही तोकडी होते. असं त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

"ते फणीवालं तिकडे सरकवून बघा," त्या एकदा म्हणाल्या.

सरांनी ई सरकवली. थोडा वेळ गेला. सरांचा हात थांबला.

"बसलं," ते हळूच म्हणाले.

"काय बसलं?"

"सगळं. नऊच्या नऊ. आधी चार, मग पाच. एक अक्षर उरलं नाही, बाई."

बाईंचा जीव भांड्यात पडला. कापड पुरलं, चिंधीसुद्धा उरली नाही, यापलीकडे एखाद्या कामाकडून त्यांची कधी अपेक्षाच नसे. अर्थ विचारावा असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण इंग्रजीच्या माणसाला इंग्रजीचा अर्थ काय विचारायचा? आणि सरांना तर अर्थ ठाऊकच होता. पण कुलूप उघडल्याच्या आनंदात माणूस आपण घर कुणाचं उघडलं ते बघायचं विसरतो, तशी त्यांची गत झाली होती.

तालीम लगेच सुरू झाली. मुली पहिली-दुसरीतल्या, त्यांना वाचता येत नव्हतं. बाईंनी त्यांना आपल्या पद्धतीने शिकवलं. तुझ्या उजव्या हाताला कोण, डाव्या हाताला कोण, एवढंच लक्षात ठेवायचं. चार जणी झाल्या की एक पाऊल मोकळं, मग पाच जणी. बुधवारी दुपारी आणि गुरुवारी दिवसभर मिळून बावीस वेळा रांग मोडली आणि बावीस वेळा लावली. गुरुवारी दुपारी तर अशी वेळ आली, की बाईंनी नुसती टाळी वाजवली की नऊ मुली मण्यासारख्या ओवल्या जात.

संध्याकाळी मोठ्या बाई परत आल्या. लागलेली रांग पाहून फाटकातच थबकल्या. गठ्ठे तसेच हातात.

"सर, जरा इकडे या. हे काय लिहिलंय?"

"कम लेटर, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे... नंतर या."

"कोणी नंतर यायचं?"

 आपण काय बसवलं ते सरांना त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं असावं. शिवणाच्या बाई पायरीवर बसल्या. एकोणीस वर्षांचा वर्ग वाचवायला साहेब येणार, आणि आपण फाटकात नऊ पोरी उभ्या करून त्यांना आल्या पावली परत जा म्हणून सांगणार होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

"पण एकही उरलं नव्हतं हो," सर पुटपुटले.

बटणं पुन्हा टेबलावर आली. या वेळी मोठ्या बाई स्वतः शेजारी उभ्या. दहा मिनिटांत सरांनी नऊही अक्षरांचा एकच लांबलचक शब्द केला: लेटकमर, म्हणजे उशिरा येणारा. मोठ्या बाईंनी नुसतं पाहिलं, तेव्हा सरांनी स्वतःच बटणं विस्कटली. अर्ध्या तासाने त्यांना आणखी एक जोडी सापडली. रिअल कॉमेट. खरा धूमकेतू.

"शेपूटवाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तेजस्वी, बाई. आणि फार वर्षांनी दर्शन देणारा."

साहेब याआधी सात वर्षांपूर्वी आले होते. मोठ्या बाईंनी हिशेब केला, दिवेलागणीकडे पाहिलं, आणि चालेल म्हणाल्या. शेपटीचं कुणी विचारलंच तर आपण उत्तर देऊ नये, तुम्ही द्यावं, एवढं मात्र सरांना सांगून ठेवलं. मुलींना घरी जायची घाई होती. नवी रांग त्या दिवशी एकदा लागली, आणि शुक्रवारी सकाळी दोनदा.

शुक्रवारी साडेनऊपासून नऊ मुली खरा धूमकेतू होऊन उभ्या होत्या. कडेला मोठ्या बाई फुलांचा गुच्छ घेऊन, त्यांच्या मागे सर, आणि रांगेच्या टोकाला शिवणाच्या बाई, पदराला चार सुया टोचून, वेळ आली तर दोरा ओवलेला असावा म्हणून. दहा वाजले. साडेदहा झाले. अकराला मुली एका पायावरून दुसऱ्या पायावर यायला लागल्या. साडेअकराला सीला लघवीला लागली, ती गेली म्हणून एम गेली, एम गेली म्हणून सगळ्याच गेल्या. बारा वाजता मोठ्या बाईंनी मुलींना सावलीत बसायला सांगितलं, फ्रॉक मळणार नाहीत अशा बेताने. खाली वर्तमानपत्रं घातली. सरांनी सवयीने त्यांतलं कोड्याचं पान मात्र काढून घेतलं. साडेबाराला टी झोपली. एक वाजता गुच्छानेही मान टाकली.

सव्वा वाजता गाडीचा आवाज आला.

कोण कुठे, काय, सांगायला वेळच नव्हता. बाईंनी टाळी वाजवली. नऊ मुली उठल्या, धावल्या, आणि अर्ध्या मिनिटात सुतासारखी सरळ रांग लागली. चार जणी, एक पाऊल मोकळं, पाच जणी. आणि टोकाला उभ्या बाईंना दिसलं, की सुरुवातीला आर हवी तिथे सी उभी आहे. तीन वेळा शिकलेलं पुसलं गेलं होतं आणि बावीस वेळा शिकलेलं वर आलं होतं.

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर डोळे मिटून उभे होते.

गाडी फाटकाबाहेर थांबली. काच खाली झाली. साहेबांचा चेहरा दिसला, भुवया वर गेलेला. त्यांनी डावीकडून उजवीकडे मान फिरवत सावकाश वाचलं आणि मग पुन्हा एकदा वाचलं. फाटकावरचा शिपाई लगबगीने जवळ गेला. दोघांत काही बोलणं झालं, ते इकडे ऐकू आलं नाही. साहेबांनी रुमाल काढून नाकातोंडाला लावला. काच वर गेली, गाडी मागे सरली, वळली आणि आली त्या रस्त्याने निघून गेली. मुली अजून हसऱ्या तोंडांनी उभ्याच होत्या, कारण गाडी आली की हसायचं, असं त्यांना सांगितलेलं होतं, पण गाडी गेली की काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी शिवणाच्या बाईंनी कपाट आवरलं. मशिनांना तेल घातलं, वर जुन्या लुगड्यांचे धडपे टाकले, कात्र्या मोजून डब्यात ठेवल्या आणि कोठीत द्यायच्या सामानाची यादी केली. सर दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्यांदा आत आले आणि म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. मी साहेबांना पत्र लिहितो."

"काय लिहाल?"

 बाईंनीच मग त्यांना बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "शब्द तुम्ही काढला, पण मुलींच्या अंगात तो मी भिनवला. बावीस वेळा. माझ्या हातचं शिकवलेलं उसवत नाही, हे मला कळायला हवं होतं."

रविवारी त्यांच्या कानाखाली ठणकायला लागलं. सोमवारी आरशात पाहिलं तर तोंड ओच्या आईने भरलेल्या ओसारखं गोल झालेलं. तेरा मुलींची मापं त्यांनी स्वतःच्या हाताने घेतली होती, तेव्हा हे व्हायचंच होतं. डोक्यावरून हनुवटीखाली पंचा बांधून त्या अंथरुणावर पडल्या आणि आवक-जावकच्या टेबलाचा विचार करत राहिल्या.

बुधवारी दुपारी खिडकीबाहेरून हाक आली. मोठ्या बाई रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, चांगल्या आठ हातांवर उभ्या होत्या, हातात कागद. त्यांच्यामागे सर.

"जवळ येत नाही, रागावू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "पत्र आलंय. मोठ्याने वाचते."

आणि त्यांनी ते असं वाचलं, की शेजारपाजारच्या चार खिडक्या उघडल्या. साहेबांनी लिहिलं होतं, की आपल्याला लहानपणी गालगुंडं झालेली नाहीत, आणि मोठेपणी ती झाल्यास काय होते ते शाळेच्या शिपायाने स्वतःच्या मेव्हण्याच्या उदाहरणासह सविस्तर सांगितलं. अशा साथीच्या वेळी पाहुण्यांना फाटकातच, तेही नम्र शब्दांत सावध करण्याची शाळेची दूरदृष्टी अपूर्व आहे. अक्षरं इतकी ठसठशीत होती, की गाडीतून खाली न उतरता वाचता आली. शिवणकामाचा असा प्रत्यक्ष उपयोग आपण आजवर कुठे पाहिला नव्हता. सबब शिवणवर्ग बंद करण्याचा विचार रद्द करण्यात येत आहे.

बाईंना हसू आलं. पण गाल इतके ताणले होते, की हसू येऊनही त्याला जायला जागा नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी आलं ते दुखण्याचं की कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अजून एक ओळ आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "साथ ओसरली की साहेब पुन्हा येणार आहेत. भरतकाम जवळून, हातात घेऊन बघायचंय म्हणतात. तोवर तेराही मुली बऱ्या होतील. तेव्हा म्हटलं, आता आपलं पहिलंच करू. हार्टी वेलकम."

खिडकीतल्या बाईंनी तोंडावरचे हात काढले. जवळून, हातात घेऊन. म्हणजे साहेब फ्रॉक उलटा करून बघणार. आणि उलट्या बाजूला सीच्या आईच्या गाठी, एलच्या आईचे लोंबते दोरे, ओच्या आईने उसवून पाडलेली भोकं. लांबून सगळं कसं देखणं दिसलं होतं.

त्यांनी पंचा जरा सैल केला.

"नको, बाई," त्या सुजल्या तोंडाने, एकेक शब्द सांभाळून म्हणाल्या. "त्याच नऊ जणी उभ्या करा."

"त्याच? नंतर या म्हणून?"

"तसंच. एक टाका बदलू नका."

मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान खाली न घालता होकार दिला.

"आणि उरलेल्या चौघींच्या आया?" मोठ्या बाईंनी विचारलं. "त्या दारात येऊन बसतील, त्यांचं काय करू?"

"त्यांना माझ्याकडे पाठवा," शिवणाच्या बाई म्हणाल्या. "मला गालगुंडं झालीत म्हणावं."